आबांची हजेरी

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर लागला की आमच्या घरी एक काम ठरलेलं असायचं. आबा जिवंत आहेत हे सरकारला पटवून द्यायचं. ज्यांच्या घरी पेन्शनर आहेत ते आत्ता हसले असतील. हयातीचा दाखला! नोव्हेंबर संपायच्या आत द्यायचा, नाहीतर पेन्शन अडकते. आधी आबा बँकेत जाऊन साहेबासमोर ताठ उभे राहायचे, सही ठोकून यायचे. २०१४ मध्ये जीवन प्रमाण नावाचा ऑनलाइन दाखला आला आणि सहीच्या जागी बोटाचा ठसा आला. आता पन्नास वर्षं खोऱ्याचा दांडा आणि उसाचा पाला हाताळलेल्या माणसाच्या बोटांवर रेघा उरतात कुठे? अंगठा लावला, लाल दिवा. तर्जनी, लाल दिवा. शेवटी एका वर्षी डाव्या हाताची करंगळी लागली. तेव्हापासून केंद्रावर गेले की आबा आधी करंगळीच पुढे करायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई, पुढे नाईक. या बटालियनला ‘जंगी पलटण’ म्हणतात. १७६८ साली उभी राहिलेली. आबा मात्र नुसतं ‘पलटण’ म्हणायचे, दुसरी कुठली असतेच कुठे, अशा थाटात. बेळगावला भरती झाले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. आमच्या सातारा जिल्ह्यात याचं कौतुक असं कुणाला नव्हतं. अपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात, तिथले सेहेचाळीस जवान पहिल्या महायुद्धात गेले. त्यामुळे आबा सुट्टीवर आले की पहिला प्रश्न, “किती दिवस हाय?” आणि दुसरा, “रम आणली का?”

घरी आल्यावर त्यांनी शेती केली. मिलिटरीतल्या आजोबांच्या घरात असते असं लोकांना वाटतं तशी शिस्त आमच्याकडे नव्हती. आबा सकाळी उशिरा उठायचे, तंबाखू खायचे, आजीशी भांडून हरायचे. एकच सवय होती. उंबऱ्याबाहेर पडलेल्या चपला ते जोडीनं लावायचे. पाहुण्यांच्या, गड्यांच्या, आम्हा पोरांच्या, सगळ्यांच्या. लग्नाच्या मांडवातही त्यांना एखादी एकटी चप्पल दिसली की तिची जोडीदारीण सापडेपर्यंत त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. आम्ही खूप चेष्टा करायचो.

कॉलेजात असताना मी १९७१ च्या युद्धाबद्दल वाचलं आणि मला कळलं की आबांची पलटण जमालपूरला होती. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ब्रह्मपुत्रेच्या काठी. तिथली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ९ डिसेंबरला आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला, कर्नल सुलतान अहमद यांना, शरण या असं पत्र पाठवलं. पत्र घेऊन एक माणूस सायकलवरून गेला. उत्तर आलं त्यात कागदाबरोबर बंदुकीची एक गोळी होती. पुढच्या वेळी लेखणी नको, स्टेनगन घेऊन भेटा, असा मजकूर होता. मी धावत आबांकडे गेले.

“आबा, तुम्हाला ते गोळीवालं पत्र माहीत आहे?”

“पत्रबित्र आमाला काय ठावं? आमाला खड्डा खण म्हनले, खणला.”

पण त्या दिवशी ते बोलले. बोलले ते मातीबद्दल. रात्रीत नदी ओलांडून पलटण जमालपूरच्या मागच्या बाजूला गेली होती, टांगाईल-ढाक्याकडे जाणारी वाट अडवायला. तिथं मोर्चा खणताना आबांना म्हणे रडू यायचं राहिलं होतं. “लोण्यावानी माती गं. कुदळ टाकली की जातीया खाली. आपल्याकडं हातभर खणलं की मुरूम. आन् एवढ्या मातीत मानसं उपाशी!” खड्ड्यात पाणी झिरपायचं, पाय रात्रभर ओले. गावातली माणसं कुरमुरे आणून द्यायची. मागे असलेल्या नदीवर जाऊन तोंड धुवावं असं त्यांना सारखं वाटायचं, पण तशी सवड मिळाली नाही.

मग १० तारखेची रात्र. जमालपूरची फौज अंधारात बाहेर पडून ढाक्याकडे निघाली ती नेमकी याच मोर्च्यांवर आली. त्या रात्रीबद्दल पुस्तकांत बरंच आहे. आबांनी तेवढं सोडून दिलं. ११ तारखेची सकाळ झाली असं म्हणाले आणि थांबले. पानाच्या डब्यातला चुना उगाच खरवडत राहिले.

“रस्त्यावर एक पोरगं पडलं होतं. माझ्याच वयाचं आसंल. एका पायात बूट होता. दुसरा मी लई हुडकला.”

एवढंच. मग म्हैस ओरडली म्हणून उठून गेले. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली, त्यांना ‘पूर्वी स्टार’ हे पदक मिळालं, ते आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यात दोऱ्याच्या रिळांबरोबर आहे. पुढे मी दोनतीनदा विषय काढून पाहिला. “सांगितलं न्हवं एकदा,” एवढंच उत्तर मिळालं. चपलांची चेष्टा मात्र मी त्यानंतर केली नाही.

आबा गेले ते गणपतीनंतर, झोपेतच. तिसऱ्या दिवशी तालुक्यातले माजी सैनिक आले, सत्तरी-पंचाहत्तरीचे, काठ्या टेकत. अंगणात ओळीनं उभे राहिले, टोप्या सारख्या केल्या आणि सलाम केला. कुणाला कडक जमला, कुणाचा हात कपाळापर्यंत पोचेना. नंतर चहा पीत सगळे पेन्शनच्या नव्या पोर्टलला शिव्या देत बसले. आबांना ही बैठक आवडली असती.

मग गेल्या वर्षी नोव्हेंबर आला. आता फॅमिली पेन्शन आजीच्या नावावर, म्हणजे जिवंत असल्याचा दाखला आजीनं द्यायचा. मी तिला त्याच केंद्रावर घेऊन गेले. आयुष्यभर राखेनं भांडी घासलेली बोटं. अंगठा लावला, लाल दिवा. तर्जनी, लाल दिवा. मशीनवरचा मुलगा कंटाळून म्हणाला, “आजी, तेल लावून उद्या या.”

आजीनं पदराला हात पुसला. “उद्या कशाला? करंगळी घे. डाव्या हाताची. ह्यांची तीच लागायची.”