सुर्टसे : एका बेटाचा जन्म आणि पहारा

(काळोखी पहाट. राखाडी समुद्र. दूरवर धुराचा काळा लोट.)

14 नोव्हेंबर 1963. आइसलँडच्या दक्षिणेला, वेस्टमन बेटांजवळ, एक मासेमारी बोट जाळी टाकून उभी होती. अजून उजाडायचं होतं. खलाशांना दूरवर काळा धूर दिसला. कुठली तरी बोट पेटली असणार, असं वाटून कप्तानाने मदतीसाठी बोट तिकडे वळवली. जवळ गेल्यावर कळलं, तिथे बोट नव्हतीच. समुद्रच उकळत होता.

तिथे पाण्याची खोली होती सुमारे 130 मीटर. तळाशी फुटलेला ज्वालामुखी कुणाच्याही नकळत वर चढत आला होता. दुसऱ्या दिवशी पाण्याबाहेर जमीन दिसली. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांत आग घेऊन येणारा एक राक्षस आहे, सुर्टूर. त्याच्या नावावरून बेटाला नाव मिळालं, सुर्टसे. सुर्टूरचं बेट.

(जुनी चित्रफीत. राखेचे काळे फवारे, वाफेचे पांढरे ढग.)

हे काळे फवारे बघा. तप्त शिलारसाला थंड समुद्र भिडला, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि तो शिलारस काचेच्या भुग्यासारखा फुटून उडतो. सुरुवातीचं सुर्टसे या भुग्याचंच होतं. भुग्याचा ढीग समुद्रापुढे किती टिकणार? उत्तर शेजारीच मिळालं. 1965 मध्ये जवळच सिर्टलिंगुर नावाचं आणखी एक बेट वर आलं आणि काही महिन्यांत लाटांनी ते पुसून टाकलं. मग योल्निर आलं. तेही गेलं.

सुर्टसे मात्र वाचलं. एप्रिल 1964 मध्ये बेट इतकं वाढलं होतं, की समुद्राचं पाणी ज्वालामुखीच्या मुखापर्यंत पोचेना. स्फोट थांबले आणि लाव्हा शांतपणे वाहू लागला. तो थिजला आणि राखेच्या ढिगाला कठीण काळ्या खडकाचं कवच मिळालं. उद्रेक चालला 5 जून 1967 पर्यंत. तोवर बेट झालं होतं सुमारे 2.7 चौरस किलोमीटरचं.

हा खडक आपल्याला परका नाही. हा बेसाल्ट. सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच. फरक वयाचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, आणि या पडद्यावरचा खडक आज हयात असलेल्या कितीतरी माणसांपेक्षा लहान.

(संथ चित्रण. पावलांचा एकही ठसा नसलेली काळी वाळू.)

आता या बेटाच्या गोष्टीतला, मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग. 1965 मध्ये, उद्रेक चालू असतानाच, आइसलँडने हे बेट राखीव केलं. शास्त्रज्ञांखेरीज कुणीही पाय ठेवायचा नाही. त्यांनीही परवानगी घेऊनच यायचं, तेही थोडक्यांनी. माती, बी, रोप, प्राणी, काहीही आणायचं नाही. कचरा मागे सोडायचा नाही. कोऱ्या जमिनीवर जीव आपणहून कसा येतो, हे पहिल्या दिवसापासून बघण्याची संधी समोर होती. ती वापरण्यासाठी आधी हात मागे बांधून घ्यावे लागतात, हे त्या लोकांना वेळेवर उमगलं. वनस्पतींच्या नोंदींसाठी जीवशास्त्रज्ञ स्टुर्ला फ्रिद्रिक्सन वर्षानुवर्षं इथे येत राहिले. एक एक रोप मोजायचं, नकाशावर टिंब करायचं, पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं.

हा पहारा किती कडक होता, याची एक खरी गोष्ट. 1969 मध्ये लाव्हाच्या खडकात शास्त्रज्ञांना एक अनोळखी रोप दिसलं. ते निघालं टोमॅटोचं. उत्तर अटलांटिकमधल्या निर्जन बेटावर टोमॅटो! खाली माती दिसत होती, पण ती माती नव्हती. कुणीतरी तिथे शौचाला बसलं होतं आणि त्याच्या जेवणातलं बी पोटातून सुखरूप बाहेर पडून रुजलं होतं. रोप काढलं, जागा साफ केली. एका माणसाचा एका वेळचा निष्काळजीपणा बेटाचा इतिहास बदलू शकतो, हे त्या टोमॅटोने दाखवलं. आजही जाणाऱ्याला कपडे, बूट, पिशव्या झाडून-तपासून जावं लागतं.

(कॅमेरा जमिनीलगत. वाळूत मांसल पानांची हिरवी उशी.)

मग आपणहून कोण आलं?

पहिलं आलं 1965 मध्ये, मोहरीच्या कुळातलं एक किनारी रोप. बी समुद्रातून वाहत आलं, वाळूत रुजलं आणि राखेखाली गाडलं गेलं. पुढे दुसरी किनारी रोपं आली, जाड पानांची, खारं पाणी सोसणारी, वाळूत खोल मुळं सोडणारी. ती टिकली. खडकांवर शेवाळं आणि दगडफुलं चढली. पण दहा वर्षांच्या शेवटी बेटावर फुलझाडं-गवतांच्या जाती होत्या फक्त 10. बिया येत होत्या, रुजायला अन्न नव्हतं. पाऊस पडायचा आणि सच्छिद्र लाव्हातून थेट खाली निघून जायचा. बेट जणू अडून बसलं होतं.

ही कोंडी फोडली पक्ष्यांनी. 1970 मध्ये इथे पहिली घरटी झाली, पण ती कड्यांवर राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची होती. खरा बदल घडला 1986 च्या सुमारास. दक्षिणेकडच्या सपाट लाव्हावर कुरव पक्ष्यांनी वसाहत केली. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर थवे उतरतात ना, त्याच कुळातले हे पक्षी. समुद्रातून मासे आणायचे, पिल्लांना भरवायचे आणि शिटायचं. त्या शिटीतून नायट्रोजन आला, स्फुरद आलं, पंखा-पोटांतून नव्या बिया आल्या. काळ्या दगडावर गवत दाटलं. गवतात किडे आले, किड्यांमागे किडे खाणारे पक्षी आले. 2004 पर्यंत फुलझाडं-गवतांच्या 60 जाती नोंदल्या गेल्या, शेवाळांच्या 75, दगडफुलांच्या 71. बिया बेटापर्यंत समुद्राने आणल्या आणि वाऱ्यानेही. पण बेटावर माती आणली ती पक्ष्यांनी. मूठ-मूठ, पिढी-पिढीने.

(बदल. खडकाचे लांब दंडगोल, लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेले.)

जमिनीखालीही काही घडत होतं. उद्रेक थांबला तरी पोटातली धग राहिली. त्या उष्णतेत गरम पाणी आणि वाफ राखेच्या काचकणांतून फिरली. काच विरघळली, तिच्यातून नवी खनिजं तयार झाली आणि त्यांनी कण एकमेकांना चिकटवले. सैल राखेचा पिवळसर-तपकिरी दगड झाला. त्याला म्हणतात पॅलागोनाइट टफ. अशा दगडाला हजारो वर्षं लागतात, अशी समजूत होती. भूवैज्ञानिक स्वेइन याकोब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथे काही वर्षांत होताना पाहिला. 1979 मध्ये 181 मीटर खोल विंधन घेतलं गेलं. 2017 मध्ये आणखी तीन. यंत्रं हेलिकॉप्टरने तुकड्या-तुकड्यांनी आणली, आणि विंधनासाठी वापरलेलं समुद्राचं पाणीसुद्धा आधी निर्जंतुक केलं. खाली राहणारे सूक्ष्मजीव शोधायचे, तर वरचे खाली जाता कामा नयेत.

त्या दगडात सापडलेली काही खनिजं प्राचीन रोमन लोकांच्या बंदरांतल्या काँक्रीटमध्येही सापडतात. दोन हजार वर्षं समुद्राच्या पाण्यात उभं असलेलं ते काँक्रीट ज्वालामुखीच्या राखेनेच बांधलं होतं. आणि आणखी जवळचं सांगायचं, तर यातली काही झिओलाइट वर्गातली. नाशिक, पुणे, जळगावच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून जे शुभ्र, गुलाबी स्फटिक निघतात, ते याच वर्गातले.

(हवाई चित्रण. बेटाभोवती फेसाळ लाटा. दक्षिणेचा कडा तुटलेला.)

2008 मध्ये युनेस्कोने सुर्टसेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा ते 141 हेक्टर उरलं होतं, म्हणजे उद्रेक थांबला तेव्हाच्या जवळजवळ निम्मं. हिवाळी वादळं नैऋत्येकडून येतात, लाव्हाखालची सैल राख पोखरतात आणि वरचा खडक कोसळतो. मधला पॅलागोनाइटचा गाभा मात्र घट्ट आहे, तो दीर्घकाळ उभा राहील. शेजारची जुनी बेटं बघितली, की सुर्टसेचं पुढचं रूप दिसतं. उभे कडे, माथ्यावर थोडं गवत, कपारींत समुद्रपक्षी.

पण कुरवांची वसाहत आहे दक्षिणेच्या त्या सपाट लाव्हावर. बेटावरचं सगळ्यात दाट गवत तिथेच आहे, आणि समुद्र आज तोडतोय ती बाजूही तीच.

(गवताच्या कडेला एक पिल्लू. खाली लाटेचा आवाज. चित्र हळूहळू काळं.)