रात्री दोन वाजताचा रस्ता

नमस्कार श्रोते हो.

घरात पहिलं बाळ येणार म्हटलं की काय धांदल असते, ते तुम्हाला सांगायला नको. ओटीभरण झालेलं असतं, पाळणा कोणाकडून यायचा ते ठरलेलं असतं, माहेरी कोणत्या वारी न्यायचं यावर दोन्ही आज्यांचं बोलणं चालू असतं. हे सगळं वडीलधारे बघतात. पण काही तयारी अशी आहे की ती नवराबायकोनं दोघांनी मिळून करायची असते. दोघांनी मिळून, हे शब्द तेवढे कानात राहू द्या, कारण आज बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

सुरुवात गोळ्यांपासून करू. तिच्या गोळ्या तिनंच लक्षात ठेवायच्या आणि तिनंच घ्यायच्या, असं बहुतेक घरात चालतं. चौथा महिना लागला की लोहाची गोळी सुरू होते. रोज एक, निदान 180 दिवस. कॅल्शियमच्या दोन, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत. या दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. चहाचंही तसंच. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा बराचसा गुण वाया जातो. ती लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. तेवढ्याला घाबरून गोळी सोडू नका. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्या. दादा, तुमचं काम सोपं आहे. गोळ्यांची पाकिटं एका डब्यात ठेवायची, जेवताना कॅल्शियमची गोळी पुढे करायची आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लोहाची. पुन्हा सांगते. लोह वेगळं, कॅल्शियम वेगळं, आणि चहा दोन्हीपासून लांब.

चहाचा विषय निघालाच आहे, तर एक बोलून घेते. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा, आणि पोटुशी बाई प्रत्येकाला सोबत म्हणून अर्धा कप घेते. दिवसाकाठी असे आठ अर्धे कप होतात. भूक मरते. मग संध्याकाळी कळण्याची भाकरी अर्धीच खाल्ली जाते, आणि कोणीतरी म्हणतं, बरंय, कमी खाल्लं तर बाळ लहान राहील, बाळंतपण सोपं जाईल. हे बोलणं घरातून काढून टाका. कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. बाळ अशक्त जन्मतं आणि आईच्या अंगात रक्त उरत नाही. हिमोग्लोबिन 11च्या खाली गेलं की ते कमी, हा आकडा दोघांनाही तोंडपाठ हवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बसले आहे, ती सांगते.

अमळनेर-धरणगाव बाजूचं एक जोडपं. नावं घेत नाही. गाव रेल्वेलाइनच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. अंतर 16 किलोमीटर. तिला नववा सरत आलेला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच होणार, त्यात शंका नव्हती. शुक्रवारी न्यायला येणार, इथपर्यंत ठरलेलं. गावच्या आशाताईंनी मात्र त्या पोराला एक काम सांगितलं. म्हणाल्या, ‘भाऊ, एकदा रात्री दोन वाजता दवाखान्यापर्यंत जाऊन ये. एकटाच जा, मोटारसायकलवर. घड्याळ बघत जा.’ तो हसला. ‘ताई, त्या रस्त्यानं मी रोज बाजारात जातो. आणि ती तर माहेरी जाणार.’ आशाताई म्हणाल्या, ‘तरी जा.’

तो गेला. बायकोनं घालवला म्हणा. निघण्याआधी त्यानं शेजारच्या भाऊंना फोन लावला, कारण गाडी त्यांची येणार होती आणि ‘कधीही हाक मार’ असं त्यांनी दहा वेळा सांगितलेलं. फोन वाजून वाजून बंद झाला. भाऊ ओट्यावर झोपलेले आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. हे झालं पहिलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी निघाला आणि दोन एकतीसला फाटकाशी पोहोचला. फाटक बंद. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या जळगाव-सुरत लाइनवर मालगाड्या किती लांब असतात. ती गेली. फाटक उघडलं नाही, कारण लाइन दुहेरी आहे आणि समोरून दुसरी गाडी येत होती. गेटमनला विनवून उपयोग नसतो. फाटक सिग्नलला जोडलेलं असतं, गाडी पुढे गेल्याशिवाय ते त्याला उघडता येत नाही. बावीस मिनिटं! बाजारात जाताना कधी थांबावं लागलं, तर माणूस तंबाखू मळत उभा राहतो, त्याला त्या वेळेचं काही वाटत नाही. त्या रात्री त्यानं घड्याळात बावीस मिनिटं मोजली.

तीन वाजून दहाला दवाखाना. पुढचं मोठं गेट कुलूपबंद. हाका मारल्यावर कळलं की रात्री बाळंतिणीला मागच्या बाजूनं आत घेतात, तिथे घंटी आहे. हे झालं तिसरं. येताना त्यानं बोगद्याची वाट धरली. रुळाखालून जाणारी ती वाट जवळची खरी, पण ज्येष्ठातल्या पहिल्याच पावसात तिथे गुडघाभर पाणी. परत फिरला आणि मोठ्या गावावरून वळसा घालून घरी आला. पंचवीस किलोमीटर, चाळीस मिनिटं, पण वाटेत ना फाटक ना पाणी.

पहाटे चार वाजता दोघांनी ओट्यावर बसून ठरवलं. रात्री निघायची वेळ आली तर फाटकाकडे जायचंच नाही, सरळ वळशानं जायचं. फाटक उघडं मिळालं तर अठ्ठावीस मिनिटं, बंद मिळालं तर पन्नास. वळसा नेहमीच चाळीस. कळा सुरू असलेल्या बाईला जवळच्या रस्त्यापेक्षा भरवशाचा रस्ता हवा. हे मी दोनदा सांगते: जवळचा नको, भरवशाचा हवा. तिनं ते दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. कोणता रस्ता, कोणतं दार, कोणाचा फोन. आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. भाऊंनी त्या दिवसापासून फोन उशाशी घेतला.

न्यायला शुक्रवारी येणार होते, आणि मंगळवारी रात्री अकराला कळा लागल्या.

तो लगेच उठून पॅन्ट चढवायला लागला. तिनं त्याला बसवलं. पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा कितीतरी तास चालतात. कळा मोजायच्या कशा, हे दोघं तपासणीला गेले तेव्हा सिस्टरनं शिकवलेलं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंत मोजायचं, संपल्यापासून नाही. इथे फार जण चुकतात. तो घड्याळ घेऊन बसला. बारा मिनिटं. मग अकरा. मग परत बारा. पाच मिनिटांवर एक, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, असं सांगितलेलं होतं. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मोजत बसायचं नाही, ताबडतोब निघायचं. दीड वाजता पाणी गेलं. तिनं आधी रंग पाहिला. स्वच्छ होतं, हिरवट नव्हतं.

त्यानं 102ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन केला. गाडी दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन निघालेली होती. लगेच भाऊंना फोन केला, पहिल्याच घंटीला उचलला. सासूबाई चहा ठेवायला निघाल्या, त्यांना त्यानं गाडीत बसवलं. ‘पिशवी कोठे शे?’ असं तो तीनदा ओरडला, आणि ती कळ दाबत म्हणाली, ‘तुन्हा हातमाच शे.’ आठव्या मिनिटाला गाडी हलली. वळशाच्या रस्त्यानं. मागच्या दारानं. घंटी.

सगळं बरोबर झालं, एक गोष्ट सोडून. शेवटच्या सोनोग्राफीची फाइल माहेरच्या कपाटात राहिलेली, कारण ती सोनोग्राफी तिकडेच झालेली. डॉक्टरांनी रक्तगट विचारला, तो माता-बाल कार्डावर होता म्हणून निभावलं. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे.

म्हणून सांगते, माहेर ठरलेलं असलं तरी सासरच्या घरापासूनचा रस्ताही बघून ठेवा. दोन्ही घरांपासूनचा. आणि कागदांचे तीन संच करा. एक सासरी, एक माहेरी, आणि प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, दोघांचं आधार, तिच्या बँक पासबुकाचं पहिलं पान. तिच्या रक्तगटाची दोन माणसं विचारून त्यांचे नंबर त्याच कागदावर लिहा.

आधार आणि पासबुकाचं आणखी एक कारण आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आधी 3000, मग जन्मनोंदणी आणि सुरुवातीच्या लसी झाल्या की 2000. पैसे अडकतात ते बहुधा नावामुळे. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, किंवा खातं आधारला जोडलेलंच नाही. हे सहाव्या महिन्याच्या आत नीट करून घ्या. नंतर ती बाई बँकेच्या रांगेत उभी राहू शकत नाही.

नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, म्हणजे सातपुडा-सह्याद्रीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करायची, सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. नवराबायको दोघांची. दोघंही वाहक निघाले, म्हणजे दोघांच्याही रक्तात तो दोष दडलेला असला, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो, त्यामुळे ‘मला काय झालंय’ असं म्हणून पुरुष तपासणी टाळतात. टाळू नका.

पिशवीत काय, ते आज्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. बारा ते पंधरा लंगोट, चार-पाच झबली, दोन टोपरी, दोन दुपटी. आईला पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, पॅडचे दोन पुडे, चपला, पेला, चमचा, चार्जर. मध, गुटी आणि बाटली पिशवीत घालायची नाही. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजायचं, चीक फेकायचा नाही, आणि सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही.

लंगोट जुन्या सुती लुगड्याचे करा. चार-सहा वर्षं धुऊन मऊ झालेलं लुगडं गरम पाण्यात धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, मग फाडायचं. आपण कापूस पिकवणारी माणसं आहोत. आपल्या शेतातला कापूस जिनिंगला जातो आणि आपल्या बाळाच्या अंगावर बाजारातलं चकचकीत नायलॉनचं झबलं चढतं, हे पाहिलं की जिवाला लागतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, 44-45 अंशांत, त्या झबल्यात बाळाचं अंग घामोळ्यांनी भरून जातं. सूत घाम शोषतं, नायलॉन तो अंगावरच ठेवतं.

उन्हाळ्यातलं बाळंतपण असेल तर कूलरची एक गोष्ट. दारंखिडक्या बंद करून कूलर लावला तर खोलीत नुसता दमटपणा साठतो आणि उकाडा वाढतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवेला बाहेर जायला वाट हवी. बाळ झोताच्या समोर नको, बाजूला ठेवा. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच वाढतात. हे कामही दादांचं.

शेवटी जन्माचा दाखला. नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद दवाखानाच पाठवतो. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, ते नंतर घालता येतं. पण आईवडिलांची नावं तिथल्या रजिस्टरमध्ये कशी लिहिली आहेत, ते घरी निघण्याआधी स्वतः वाचा. आधार समोर ठेवून, अक्षर न् अक्षर. चूक तिथेच दुरुस्त करून घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि दाखला छापून आल्यावर त्याच चुकीसाठी खेटे घालावे लागतात.

नमस्कार.