शाळा कुणाच्या भरवशावर उघडली

(ग्रामीण रुग्णालयाबाहेर शिक्षकांची रांग)

नोव्हेंबर 2020. ही रांग शिक्षकांची आहे. 23 तारखेपासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं ठरलं आणि त्याआधी, 17 ते 22 या सहा दिवसांत, या वर्गांच्या प्रत्येक शिक्षकाने आरटी-पीसीआर तपासणी करून घ्यावी असा आदेश निघाला. 16 तारखेला भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी इथे उभी. हे वर्ग शिकवणारे शिक्षक राज्यात अडीच लाखांहून जास्त. स्वॅब घेणारे हात मात्र होते तेवढेच.

(खोलीच्या दारात पीपीई किटमधला कर्मचारी, खुर्चीवर शिक्षिका)

नाव, शाळेचं नाव, मोबाइल नंबर. मान मागे करा. झालं, पुढचे या.

त्याच आठवड्यात टीव्हीवर चर्चा रंगत होत्या. शिक्षक संघटनांना शाळा उघडायलाच नकोत, घरबसल्या पगार चालू आहे, मग त्यांना कशाला घाई. हे वाक्य पुढे दीड वर्ष पुन्हा पुन्हा ऐकू आलं. म्हणून संघटना नेमकं काय मागत होत्या, ते आधी पाहू.

(टेबलावर निवेदनांच्या प्रती, गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा पोच शिक्का)

तपासणीचा खर्च शासनाने करावा. शाळांचं निर्जंतुकीकरण कोण करणार, ते लेखी द्यावं. कोविड ड्युटी करताना शिक्षक दगावला तर त्याच्या कुटुंबालाही 50 लाखांचं संरक्षण मिळावं. दोन्ही कामं एकाच वेळी लावू नयेत, म्हणजे वर्ग सुरू करायचे तर कोविडच्या घरोघरी सर्वेक्षणातून मोकळं करावं. काही संघटनांनी तारीख पुढे ढकला असंही म्हटलं, ते लपवायचं कारण नाही. पण बाकी सगळा मजकूर शाळा कशी उघडायची याचाच आहे.

(गल्लीतून जाणारे दोन शिक्षक, हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर)

आणि घरबसल्या? मार्च 2020 पासून शिक्षक जिल्ह्यांच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर उभे होते, रेशन दुकानांवर बसले होते, विलगीकरण केंद्रांत नोंदी ठेवत होते. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हा दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजायलाही अनेक ठिकाणी शिक्षकच होते. उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, घरात कुणाला खोकला आहे का? बीपी, शुगर? तक्ता भरायचा, पुढचं घर. दुपारी घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय पाठवायचा आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्यासाठी संध्याकाळी वस्तीवर जायचं.

(सोलापूर, नीलमनगर. घरांच्या रंगवलेल्या भिंती)

हे सोलापूरचं नीलमनगर. यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. घरात एक मोबाइल, तोही वडिलांसोबत कामावर. इथल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतीच पुस्तक केल्या. ही पाढ्यांची भिंत, इथे व्याकरण, त्या कोपऱ्यावर पृथ्वीचे थर. अशा दोन-तीनशे भिंती. मुलं अंतर ठेवून उभी राहतात, एक भिंत झाली की पुढच्या गल्लीत जातात.

(मोखाडा तालुका. पाड्यावर लाउडस्पीकर, अंगणात बसलेली मुलं)

पालघरच्या मोखाडा-जव्हार भागात पाड्यांवर रेंजच नाही. तिथे लाउडस्पीकरवर धडे वाजले.

(अनुदानित शाळेचं कार्यालय, मुख्याध्यापक पावत्या दाखवत आहेत)

आता हा मुद्दा नीट ऐका, कारण सगळा वाद इथेच अडला होता. नववी-दहावीचे वर्ग बहुतांशी खासगी अनुदानित शाळांत. शिक्षकांचा पगार शासन देतं. खडू, वीजबिल, झाडलोट यासाठी वेतनेतर अनुदान असतं. ते वेळेवर आणि पुरेसं मिळत नाही, ही तक्रार कोरोनाच्या कितीतरी आधीची. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेच हाल सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चासाठीच्या अनुदानाचे. अशा शाळेला सांगितलं गेलं, थर्मल गन घ्या, ऑक्सिमीटर घ्या, सॅनिटायझर ठेवा, रोज वर्ग निर्जंतुक करा. खर्च कुणी करायचा? कुणी स्थानिक प्रशासनाकडे बोट दाखवलं, कुणी संस्थेकडे. या मुख्याध्यापकांच्या हातातली पावती पाहा. पाच लिटरचा कॅन. बिल शाळेच्या नावावर, पैसे त्यांच्या खिशातले. शिपायाचं पद रिकामं, त्यामुळे बाकं पुसली शिक्षकांनीच.

(वर्ग, एका बाकावर एक विद्यार्थी)

23 नोव्हेंबर. एका बाकावर एक मूल, निम्मा वर्ग आज, निम्मा उद्या, जास्तीत जास्त चार तास. आई-वडिलांचं संमतीपत्र असेल तरच प्रवेश. दारात बाईंच्या हातातला हा गठ्ठा त्या संमतीपत्रांचा. काहींवर सही, काहींवर अंगठा. मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतल्या शाळा बंदच ठेवल्या. राज्यभरातल्या 25 हजारांहून अधिक शाळांपैकी पहिल्या दिवशी सुमारे 9 हजार उघडल्या, विद्यार्थी आले 3 लाखांच्या आसपास. आणि त्या रांगांमधून हजाराहून जास्त शिक्षक पॉझिटिव्ह निघाले. तपासणीचा आग्रह धरणं हा आडमुठेपणा नव्हता, हे त्या एका आकड्याने सांगितलं.

27 जानेवारी 2021 ला मुंबई आणि काही शहरं वगळता पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. महिन्याभरातच दुसरी लाट.

(पाटीवर ‘लसीकरण केंद्र’, बाकावर बसलेले शिक्षक)

लस आली, पण आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत शिक्षक नव्हते. दारोदार फिरायला चालतात, यादीत बसत नाहीत! केंद्राने शिक्षकांसाठी वेगळे डोस जाहीर केले ते 2021 च्या ऑगस्टअखेर, 5 सप्टेंबरच्या शिक्षक दिनाआधी सगळ्यांना टोचा म्हणून. मधल्या काळात काय घडलं त्यासाठी उत्तर प्रदेशाकडे पाहावं लागतं. तिथे एप्रिलमध्ये पंचायत निवडणुका झाल्या. ड्युटीनंतर मृत्यू पावलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी प्राथमिक शिक्षक संघाने दिली, नावं 1,621. सरकारने आधी सांगितलं, तीन. संघटना नसती तर ती यादीही झाली नसती.

(ग्रामसभा, पारावर सरपंच आणि पालक)

15 जुलै 2021. महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावात, ग्रामपंचायतीने ठराव केला तर आठवी ते बारावीचे वर्ग उघडायची मुभा मिळाली. पालक तर वाटच पाहत होते. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेच्या पाहणीत 80 टक्क्यांहून जास्त पालकांनी ‘सुरू करा’ म्हटलं होतं. अट अशी की शिक्षकाने त्याच गावात राहावं, नाहीतर सार्वजनिक वाहनाने येऊ नये. गावात खोली कुणी द्यायची, ते ठरवलं गावानेच. ठराव वाचून झाला, हात वर झाले, शाळा सुरू. सरपंच, पालक, मुख्याध्यापक एका सतरंजीवर बसले की हे जमतं. ऑगस्टमध्ये मात्र राज्यभर शाळा उघडण्याचा आदेश निघाला आणि राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीच्या, सल्ल्याने थांबवलाही गेला, त्यात एकाही शिक्षक संघटनेचा हात नव्हता.

(पहिलीचा वर्ग, डिसेंबर 2021)

ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबरला उघडले. पहिली-दुसरीच्या मुलांना 1 डिसेंबर उजाडला, मुंबईत 15. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप, 24 तारखेपासून पुन्हा सुरुवात.

नुकसान मोठं झालं. 2018 मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतली 27.3 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, ग्रामीण मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत 2022 मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली. शिक्षकांनी इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट पाडले आणि अक्षरओळखीपासून शिकवायला घेतलं. त्याच शिक्षकांच्या हातात मग मतदार याद्यांचे गठ्ठेही पुन्हा आले.