कॉर्बाइनचा काळा रंग

मंडळी, जाहीर झालेला विषय असा आहे: आंतॉन कॉर्बाइन हा फोटोग्राफर म्युझिक व्हिडिओंचा आणि पुढे चित्रपटांचा दिग्दर्शक कसा झाला. तिथे आपण पोहोचणार आहोतच. पण त्याआधी एक तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मोबाइलवर फोटो काढायचा, रंग काढून टाकायचे, कॉन्ट्रास्ट चढवायचा, वरून दाणेदारपणा पसरायचा आणि खाली लिहायचं, ‘कॉर्बाइन स्टाइल’. हे चूक आहे. त्याच्या प्रिंटमधला दाणा वरून टाकलेला नसतो, तो कागदावर डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, उगवलेला असतो. तो किती उगवू द्यायचा हे डार्करूममधल्या, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या, माणसाच्या हातात असतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतली त्याची पोर्ट्रेट आठवा. उजळ भागात उबदार तपकिरी छटा, आणि सावलीत मात्र खरखरीत, कोळशासारखा काळा. ही लिथ प्रिंटिंग नावाची डार्करूममधली पद्धत. नेहमीच्या प्रिंटला एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) 10 सेकंद लागत असतील, तर लिथसाठी दोन ते तीन स्टॉप जास्त (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे 40 ते 80 सेकंद द्यायचे. लिथ डेव्हलपर भरपूर पाण्यात पातळ करायचा आणि कागद सोडून वाट पाहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि नवखा माणूस इथेच घाबरून कागद फेकून देतो. या डेव्हलपरमध्ये सल्फाइट फार कमी असतं. त्यामुळे त्यातल्या हायड्रोक्विनोन या मुख्य रसायनापासून तयार होणारे पदार्थ सल्फाइटने टिपले न जाता तिथेच साचतात आणि तेच पुढचं डेव्हलपिंग पेटवतात. जिथे काळं झालं तिथे आणखी वेगाने काळं होतं. शेवटच्या काही सेकंदांत सावल्या अक्षरशः धावत सुटतात. नेमक्या त्या क्षणी कागद उचलून स्टॉप बाथमध्ये, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणात, घालायचा. तेही लाल दिव्यात, जिथे काळ्याचा नीट अंदाज येत नाही. उशीर झाला की डोळ्यांच्या खोबणी, कोटाच्या घड्या, सगळं एकाच काळ्यात बुडतं.

उजळ भाग एक्स्पोजरने, म्हणजे कागदाला दिलेल्या प्रकाशाने, ठरतो आणि काळा भाग उचलण्याच्या क्षणाने, हे सूत्र डार्करूमवाल्यांनी लिहून ठेवावं. प्रिंट मऊ आणि रंगीत हवी असेल तर एक्स्पोजर वाढवा आणि लवकर उचला. करकरीत हवी असेल तर उलट करा. ज्या कागदाच्या थरातच डेव्हलपर मिसळलेला असतो, त्या कागदावर हे साधत नाही. तो ताडकन पूर्ण काळा होतो. शिवाय काही प्रिंटांनंतर डेव्हलपर थकतो, वेळ लांबते, रंग बदलतो, आणि फारच थकला तर उजळ भागात मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके येतात. म्हणून एकाच निगेटिव्हच्या दोन लिथ प्रिंट कधीच तंतोतंत सारख्या नसतात. आता सांगा, हे एका बटणावर कसं येईल?

चूक आणि निर्णय यांचं नातं या माणसाच्या कामात फार जवळचं आहे. यू टू या आयरिश बँडच्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमचं मुखपृष्ठ घ्या. डिसेंबर 1986, कॅलिफोर्नियाचं वाळवंट, झॅब्रिस्की पॉइंट. हातात पॅनोरॅमिक कॅमेरा, आणि त्याचा फोकस कसा करायचा याची सवय नाही. फोकस गेला मागच्या डोंगरांवर, बँड किंचित अस्पष्ट राहिला. निभावलं ते उन्हामुळे. प्रकाश भरपूर, म्हणून अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवता येतं, म्हणून जवळपासून दूरपर्यंत पुरेशी स्पष्टता मिळते. ढगाळ दिवस असता तर तो फोटो वाया गेला असता. आणि बँडपेक्षा जमीन मोठी दिसणं, हेच त्या मुखपृष्ठाचं बळ ठरलं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, थोडीच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मूळ विषयावर येतो.

कॉर्बाइनचा जन्म 1955चा, नेदरलँड्समधल्या स्ट्रियेन गावातला, वडील चर्चचे धर्मोपदेशक. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या संगीताच्या ओढीने 1979 मध्ये तो लंडनला आला आणि लँकेस्टर गेट भुयारी स्थानकावर बँडचा तो प्रसिद्ध फोटो काढला. तिघं पाठमोरे आणि गायक इयन कर्टिस एकटा मागे वळून पाहणारा. पुढच्या वर्षी मे महिन्यात कर्टिस वारला. 1988 मध्ये ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ या त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ कॉर्बाइननेच केला. त्यात झगे घातलेल्या आकृती बँडची मोठमोठी छायाचित्रं उचलून चालत राहतात. फोटो स्वतःच पात्र होतो. माझं सगळं म्हणणं या एका व्हिडिओत आहे.

डिपेश मोड या इंग्लिश बँडसाठी त्याने 1986 पासून व्हिडिओ केले. त्यांतले अनेक सुपर 8 या 8 मिलिमीटर रुंद घरगुती फिल्मवर, कृष्णधवल. 50 फुटांचं कार्ट्रिज, सेकंदाला 24 चौकटींनी चालवलं तर जेमतेम अडीच मिनिटं. 18ने चालवलं तर 3 मिनिटं 20 सेकंद. साध्या सुपर 8 कॅमेऱ्याची मोटर एका गतीने चालत नाही, म्हणून लांब शॉटमध्ये ओठ आणि गाणं फाकतात. उपाय दोन: शॉट छोटे ठेवायचे, किंवा माणसाला गायला न लावता चालायला लावायचं. त्यांच्या ‘एन्जॉय द सायलेन्स’ या गाण्यात मुकुट घातलेला राजा घडीची खुर्ची घेऊन डोंगरांतून नुसता हिंडतो. तो व्हिडिओ पाहताना ओठांकडे लक्षच जात नाही.

निर्वाणा या अमेरिकन बँडचं ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ हे गाणं, 1993. चित्रीकरण रंगीत फिल्मवर, मग ते कृष्णधवल केलं आणि त्यावर चौकटीगणिक हाताने रंग भरला. आपल्या जुन्या घरांत आजोबांचा फोटो असतो ना, गालावर गुलाबी आणि फेट्यावर केशरी रंग चढवलेला, तेच काम. फक्त साडेचार मिनिटांच्या गाण्याला साडेसहा हजारांच्या आसपास फोटो रंगवायचे. म्हणूनच त्यातला लाल इतका अस्वस्थ करतो.

आणि शेवटी 2007चा ‘कंट्रोल’, कर्टिसच्या आयुष्यावरचा, कॉर्बाइनचा पहिला चित्रपट. जवळपास अर्धा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. छायाचित्रणकार मार्टिन रूहे. इथेही फिल्म रंगीत आणि प्रिंट कृष्णधवल. पण लिथचा कोळसा या पडद्यावर नाही, राखाडीच्या मऊ पायऱ्या आहेत. पोर्ट्रेटमध्ये आपण चेहऱ्यापाशी क्षणभर थांबतो, तिथे खरखरीत काळा शोभतो. दोन तास चेहऱ्यांमागून चालायचं तर सावलीतही डोळे दिसले पाहिजेत.