आधी त्याला खाताना बघा

हा मँडरिन, खाऱ्या पाण्याच्या टँकमधला समुद्री मासा. निळ्या अंगावर केशरी नागमोडी रेघा, पहिल्यांदा मासे घ्यायला गेलेल्याची नजर याच्यावरच खिळते. पण तो काय करतोय ते नीट बघा. सतत दगडावर काहीतरी टिपतोय ना, ते कोपेपॉड, डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव, आणि असे दिवसभर खात राहिला तरच हा जगतो. नव्या टँकच्या दगडांवर ते पुरेसे झालेलेच नसतात, पेलेट, म्हणजे सुक्या खाण्याच्या गोळ्या, टाकले तर बहुतेक मँडरिन ढुंकूनही बघत नाहीत, आणि मग एवढा देखणा मासा आपल्या डोळ्यासमोर हळूहळू उपाशी मरतो. फार वाईट वाटतं बघताना.

म्हणून मासा पसंत पडला की विकणाऱ्याला सरळ सांगा, याला माझ्यासमोर खायला घाला. झडप घालून खाल्लं, पोट आत गेलेलं नाही, श्वास जोरजोरात चालत नाहीये, तरच पुढचं बोलायचं.

सुरुवातीला माझं मत विचाराल तर टँकमध्येच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी घ्या. पेलेट, फ्रोझन, सगळं खातात. हे सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला दांडगा असतो तो पुढे मादी होतो, त्यामुळे एक लहान आणि एक मोठा घेतला की सहसा जमतं. अॅनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव, नसला तरी त्यांचं काही अडत नाही, तो जुन्या स्थिरावलेल्या टँकसाठी ठेवा. फायरफिश पण छान, फक्त घाबरला की उडी मारतो, वर जाळीचं झाकण हवंच. ब्लू टँग मात्र नको, आत्ता बोटाएवढा दिसतो पण वाढून 30 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते.

नव्या टँकच्या पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही विषं शून्यावर आल्याशिवाय कुठलाच मासा आणू नका, त्याला साधारण 4 ते 6 आठवडे जातात, जाऊ देत. नंतरही एकेक करून आणायचे, आधी गरीब स्वभावाचे, भांडखोर शेवटी, आणि प्रत्येकाला आधी महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवायचं, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा रीफमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या मुख्य टँकमध्ये, शिरला की तिथे तांब्याचं औषध टाकता येत नाही, त्याने कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं.

आता खाणं. फ्रोझन मायसिसचा, म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांचा, तुकडा टँकच्याच थोड्या पाण्यात विरघळू द्या, गाळणीत ओता, ते गढूळ पाणी फेकून द्या आणि उरलेलं चिमूट चिमूट करून घाला. दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे काचेपाशी येऊन मागत राहतात, आपल्याला माया येते, हात सैल सुटतो, पण उरलेलं सगळं कुजून अमोनिया होतं, मग नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं आणि महिनाभरात दगडांवर शेवाळाची केसाळ चादर. एखादा दिवस खाणं चुकलं तर धडधाकट माशाला काही होत नाही.

खायला घालताना प्रवाहाचे पंप दहा मिनिटं बंद ठेवा, म्हणजे खाणं फिल्टरकडे ओढलं जात नाही आणि कपारीत लपलेल्या बुजऱ्या माशालाही ड्रॉपरने त्याच्या दारात घास देता येतो. सगळे मासे मोजा, कोण खायला आला नाही ते बघा, आणि पंप आठवणीने परत चालू करा, पाण्यात ऑक्सिजन त्यांच्यामुळेच खेळता राहतो.