ब्राह्मोस: साडेपन्नास टक्क्यांची भागीदारी

मित्रहो, रशियन शस्त्रं आपल्याला नवी नव्हती. नाशिकजवळ ओझरला आपण मिग विमानं बांधत होतो, पण परवान्यावर. आराखडा त्यांचा, हात आपले. १२ फेब्रुवारी १९९८ रोजी मॉस्कोत डॉ. अब्दुल कलाम यांनी भारताच्या वतीने ज्या करारावर सही केली, त्याने ही रीत मोडली. कंपनीच दोघांची निघाली. भारताचा हिस्सा साडेपन्नास टक्के, रशियाचा साडेएकोणपन्नास. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांच्या नावांतून कंपनीला आणि तिच्या क्षेपणास्त्राला ब्राह्मोस हे नाव मिळालं.

इथे गरज दोघांनाही होती, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर रेउतोव्हच्या माशिनोस्त्रोयेनिया संस्थेकडे ओनिक्स क्षेपणास्त्राचं अव्वल काम होतं, पैसा मात्र आटला होता. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेकडे, म्हणजे डीआरडीओकडे, मार्गदर्शन प्रणाली आणि सॉफ्टवेअरमध्ये मुरलेली माणसं होती, पण द्रव इंधनावर दूरवर जाणारं रॅमजेट इंजिन नव्हतं.

हे इंजिन जरा समजून घेऊ. जेट इंजिनात हवा दाबायला फिरती पाती लागतात. रॅमजेटमध्ये ती नसतात. वेगामुळेच हवा तोंडातून आत कोंबली जाते, दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं. पण उभ्या जागी हे इंजिन सुरूच होत नाही. म्हणून आधी घन इंधनाचा बूस्टर क्षेपणास्त्राला आवाजाच्या वेगापलीकडे नेतो, गळून पडतो, आणि मग रॅमजेट पुढचा प्रवास हाती घेतं. वेग मॅक २.८, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर. समुद्रालगत येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला साधारण तीस किलोमीटरवर दिसतं. स्वनापेक्षा कमी वेगाचं असेल तर बचावाला दीड मिनिट मिळतं. इथे मिळतो जेमतेम अर्धा मिनिट.

पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी चांदीपूरला झाली. करारापासून फक्त तीन वर्षं आणि चार महिने!

पल्ला २९० किलोमीटरच का, असं मला नेहमी विचारतात. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा रशिया सदस्य होता, आपण नव्हतो. क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या या देशांच्या गटात, बाहेरच्यांना द्यायच्या क्षेपणास्त्रांची मर्यादा ३०० किलोमीटरची. जून २०१६ मध्ये आपण सदस्य झालो आणि मार्च २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणी झाली.

आता पुन्हा ओझरला येऊ. अडीच टनांचं हे क्षेपणास्त्र सुखोई-३० च्या पोटाखाली लावायचं तर विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागतो, वायरिंग बदलावं लागतं. परवान्यावर विमानं बांधणाऱ्या त्याच एचएएल या सरकारी विमान कंपनीतल्या आपल्या अभियंत्यांनी हे काम केलं. २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस घेऊन सुखोई तिथूनच उडालं आणि पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबरला, बंगालच्या उपसागरावर सुखोईतून सुटलेल्या ब्राह्मोसने लक्ष्य टिपलं.