यालगूचं दगडी चॅपल

[ड्रोन. लाल माती, मल्गा नावाच्या बाभळीची खुरटी झाडं, दूरवर पत्र्याची छपरं.]

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हे यालगू. पर्थपासून उत्तरेला जवळजवळ पाचशे किलोमीटर. जेराल्डटन बंदरावरून निघालात तर पूर्वेला सव्वादोनशे. वाटेत मुलेवा लागतं, आणि त्यानंतर ही अशी माती. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 250 मिलिमीटर. गावात आज दोनशे माणसंही नाहीत.

[कॅमेरा खाली येतो. चॅपलची भिंत, अगदी जवळून.]

आणि ही भिंत. हिच्यासाठी आम्ही इतक्या लांब आलो.

सोन्यामागे आलेला माणूस घर बांधत नाही, बिऱ्हाड मांडतो. 1890 च्या दशकात मर्चिसन नावाच्या या पट्ट्यात सोनं सापडलं. 1896 मध्ये यालगूला गाव म्हणून मान्यता मिळाली, मुलेवाहून रेल्वे आली. गाव उभं राहिलं ते कापडाचं आणि पत्र्याचं. लाकडी सांगाडा, त्यावर पन्हळी पत्रे. खाण आटली की पत्रे उतरवायचे, गाडीत भरायचे आणि पुढची खाण गाठायची. या टापूतल्या कितीतरी वस्त्यांचा आज पायासुद्धा सापडत नाही, त्याचं कारण हेच.

अशा गावात कुणीतरी दगडात बांधायचं ठरवलं.

[जुनं छायाचित्र: फादर हॉज.]

जॉन सिरिल हॉज. जन्म 1876, इंग्लंडमधलं रिचमंड. आधी वास्तुरचनाकार, मग अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मगुरू. 1908 च्या चक्रीवादळात बहामा बेटांवरची चर्चं पडली, ती उभी करायला ते तिकडे गेले. 1911 मध्ये कॅथलिक झाले. काही काळ कॅनडात मजुरी केली. 1915 मध्ये रोममध्ये कॅथलिक धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी जेराल्डटनच्या बिशपांच्या बोलावण्यावरून इकडे आले. मर्चिसनच्या खाणी, मेंढपाळांची ठाणी, रेल्वेच्या वस्त्या, एवढा सगळा मुलूख त्यांच्याकडे सोपवला होता.

त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांच्या विरक्तीविषयी भरभरून बोलतात. मला मात्र त्यांच्या हातांविषयी बोलायचं आहे.

[मुलेवाचं चर्च. कोरलेले दगड, कमान.]

हे मुलेवा. 1920 ते 1927, सात वर्षं हे चर्च चढत होतं, आणि फादर इथे स्वतः दगड घडवत होते. आराखडा मुकादमाच्या हाती देऊन बाजूला होणारे ते नव्हते. सकाळी प्रार्थना, आणि नंतर हातात छिन्नी. चेहरे, पानं, कमानीचे दगड, यांतलं बरंच काही त्यांच्या हातचं आहे. जेराल्डटनचं कॅथेड्रलही त्यांचंच. आतले ते राखाडी आणि नारिंगी पट्टे बघा. 1916 मध्ये सुरू झालेलं ते काम 1938 मध्ये पुरं झालं.

[पुन्हा यालगू. चॅपल समोरून.]

त्या मानाने हे अगदी लहान. 1920 च्या सुमाराचं. इथे डॉमिनिकन या कॅथलिक संघाच्या सिस्टर्सची शाळा आणि कॉन्व्हेंट, म्हणजे त्यांचा मठ, होता. त्यांच्यासाठी हे चॅपल. नावही त्यांच्याच परंपरेतलं: संत हायसिंथ, तेराव्या शतकातले पोलंडचे डॉमिनिकन.

भिंतीकडे नीट बघा. अनघड दगडाचं काम वीटकामापेक्षा अवघड असतं. वीट मापाची असते, ती मागते फक्त ओळंबा आणि दोरी. अनघड दगड मात्र प्रत्येक वेळी हातात घेऊन फिरवून बघावा लागतो. याचं तोंड कुठलं, बूड कुठलं, कुठल्या बाजूवर तो बसेल. आधी माल, म्हणजे दगड सांधणारा गारा. त्यात मोठा दगड बसवायचा आणि त्याच्या पोटाशी चिप, म्हणजे दगडाची कपची, घालायची. दोन दगडांमधली उभी दर्ज वरच्या थरातल्या दगडाने झाकली गेलीच पाहिजे, नाहीतर तिथूनच भेग निघते. कोपऱ्याला सगळ्यात चांगले दगड राखून ठेवायचे, आळीपाळीने एकाची लांबी एका भिंतीत, पुढच्याची दुसऱ्या भिंतीत. आणि हे सगळं ज्या उन्हात करायचं, त्यात मालातलं पाणी बघता बघता उडून जातं. भिजवलेली पोती टाकून भिंत ओली राखायची, तर पाणी आणायचं कुठून?

[यालगूचं जुनं स्टेशन.]

सोनं सरलं. माणसं गेली, सिस्टर्सही गेल्या. 1978 मध्ये रेल्वे बंद झाली. त्याच्याही कितीतरी आधी, खाणी आणि मेंढ्यांची कुरणं आली तेव्हा, ज्यांची ही भूमी ते यामाजी लोक आपल्या पाणवठ्यांपासून दूर लोटले गेले.

[भिंतीची दर्ज, बोटाने दाखवलेली.]

हे जपायला हवं, आणि जपायचं कसं ते माहीत असायला हवं. जुन्या दगडी भिंतीच्या दर्जेत भरायचा माल दगडापेक्षा मऊ असावा लागतो. म्हणून चुना. जमिनीतून ओल चढते, सोबत क्षार आणते. चुना तिला बाहेर जाऊ देतो आणि झिजायचं तर स्वतः झिजतो. तिथे घाईने सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद होते. मग ती दगडातून निघते, क्षाराचे खडे दगडाच्या अंगातच धरतात आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत चांगली पक्की दिसते आणि आतून दगड पीठ होत असतो. कुठल्याही गावात जुन्या भिंतीशी कुणी सिमेंटचं घमेलं घेऊन उभं दिसलं, तर कृपा करून त्याला थांबवा.

[छायाचित्र: टेकडीवरचा मठ, कॅट बेट.]

1939 मध्ये फादर हॉज यांनी ऑस्ट्रेलिया सोडलं आणि पुढे ते बहामातल्या कॅट बेटावर गेले. तिथल्या सर्वांत उंच टेकडीवर, 63 मीटरांवर, त्यांनी एकट्यासाठी मठ बांधला. पुन्हा दगडाचाच, पुन्हा स्वतःच्या हातांनी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. 1956 मध्ये ते गेले. त्याच टेकडीवर त्यांची कबर आहे.

[यालगू. चॅपलची पश्चिमेकडची भिंत, उतरतं ऊन. निवेदन नाही.]